नारळ दोन्हीकडं उभा राहिला, मग पाणी एकाच बोअरला का?

औसा तालुक्यातल्या एका शेतकरीदादांनी विचारलं आहे. साडेचार एकर रान, जुन्या विहिरीचा ओझरता उल्लेख, तीन वर्षांत तीन बोअर, शेवटचा ६५० फुटांचा. तिन्हींतून नुसता फुफाटा. बांधापलीकडं, साठ-सत्तर फुटांवर, चुलतभावाच्या बोअरला मात्र दोन इंची पाणी. जागा दोन्हीकडं एकाच पाणाड्यानं, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्यानं दाखवलेली. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला की खाली पाणी, असं ते मानतात, आणि नारळ दोन्हीकडं उभा राहिलेला. दादा म्हणतात, "जमिनीखालची नदी काय फक्त त्याच्याच रानातून जाते? आणि अजून तीनशे फूट खाली गेलो तर लागेल का?"

दादा, आधी दोन्हींची उत्तरं देऊन टाकतो. नदी कुणाच्याच रानाखालून जात नाही. आणि पुढच्या तीनशे फुटांचे पैसे खिशातच राहू द्या. असं का, ते सांगायला जरा वेळ लागेल. भूजल खात्याच्या नोकरीत एकतीस वर्षं मराठवाड्यातल्या विहिरींत टेप सोडण्यात गेली, त्यामुळं थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

पायाखाली काय आहे ते बघायचं तर बोअरचं मशीन कामाचं नाही, त्यातून भुकटीच वर येते. जुन्या विहिरीत उतरा, तेही मे महिन्यात. रेणापूरकडच्या एका पन्नास फुटी विहिरीत मी दर उन्हाळ्यात उतरायचो, तिचंच सांगतो. वर चार फूट काळी माती, भेगाळलेली. तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेली पिवळट माती. मग कुदळीनं सुटणारा मुरूम. पंधरा-सोळा फुटांपासून मांजऱ्या: तांबूस-करडा, भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे, हिरवट दाणे बसलेले. यातल्या मोठ्या गारगोट्या पोरं खिशात घालून शाळेत नेतात. मांजऱ्याला हात लावला की गार लागायचा, बोटाला ओल यायची. पस्तीस फुटांवर मांजऱ्या संपून काळा पाषाण सुरू व्हायचा आणि नेमकी त्या सांध्यावर, विहिरीला गोल वळसा घातलेली एक ओली रेघ. तिच्यातून थेंब थेंब पाझर. खाली पाषाण ठणठणीत कोरडा. फक्त एका कोपऱ्यात ज्वारीच्या पात्याएवढी उभी भेग आणि तिच्यातून करंगळीएवढी धार. त्या घरची सात माणसं, दोन बैलं आणि चार म्हशी त्या पाझरावर अन् धारेवर उन्हाळा काढायच्या. नदी म्हणाल तर ती एवढीच.

हे थर आले कुठून? साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन उलून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळानं त्याच्यावर दुसरा आला, मग तिसरा. भाकरींची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत. आणि भाकरीसारखाच यालाही पापुद्रा असतो. लाव्हा पातळ असताना त्यातली वाफ अन् वायू बुडबुड्यांनी वर येतात, म्हणून प्रत्येक थराचं डोकं भोकाभोकांचं, म्हणजे मांजऱ्या. पोट मात्र सावकाश निवतं, आवळतं, घट्ट होतं. तो पाषाण. आवळताना त्याला भेगा पडतात, त्याही बहुतेक उभ्या. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वर माती तयार झाली असेल तर पुढच्या लाव्ह्यानं ती वीट भाजावी तशी भाजली. तोच बोअरमधून लाल पाणी होऊन येणारा गेरू. गेरू आला की लोक हरखतात, पण तो चिकणा असतो, भिजला की फुगतो आणि बोअर ढासळवतो. मला तो कधीच शुभ वाटला नाही.

आता मांजऱ्याला एवढी भोकं आहेत म्हणजे तो स्पंजासारखा पाण्यानं भरलेला असेल, असं वाटतं. तसं नसतं. बहुतेक भोकं गारगोटीनं बुजलेली आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेली. ऊन-पावसानं हजारो वर्षं खडक कुजतो, दाणे सुटतात, भोकं एकमेकांना मिळतात, तेव्हा कुठं त्यात पाणी खेळतं. हे कुजणं वरूनच होतं. शे-दीडशे फुटांखाली तोच मांजऱ्या कोरा करकरीत, झाकण लावलेल्या डब्यासारखा. म्हणून आपल्याकडं भरवशाचं पाणी वरच्या पट्ट्यात असतं. खाली जे मिळतं ते भेगेत मिळतं, आणि भेगासुद्धा खोलवर वरच्या ओझ्यानं मिटत जातात.

इथंच तुमच्या आणि चुलतभावाच्या नशिबाचा हिशोब लागतो. भेग उभी आणि बोअरही उभा. साडेसहा इंचांचं भोक वरून खाली सोडलं आणि शेजारून दोन हातांवरून उभी भेग खाली गेली, तरी सहाशे फुटांत दोघांची गाठ पडणार नाही. चुलतभावाच्या भोकाला ती सापडली, तुमच्या तिन्ही भोकांना नाही. साठ फूट तर सोडाच, दहा फुटांवर एक ओला अन् एक कोरडा असे बोअर मी पाहिले आहेत. विहिरीत आडवे बोअर मारतात त्यामागं शहाणपण आहे ते हेच. उभ्या भेगांना आडवं भोक बरोबर कापत जातं.

त्याच्या "दोन इंची"चंही जरा बघू. काही जण दोन इंची पाईप भरून पाणी, या अर्थानं म्हणतात. आम्ही खात्यात व्ही नॉच लावायचो. पत्र्याला काटकोनी खाच पाडलेली, तिच्यातून पाणी वाहू द्यायचं आणि उंची मोजायची. खाचेत दोन इंच पाणी म्हणजे तासाला सुमारे २,९०० लिटर. तीन इंच म्हणजे जवळपास ८,००० लिटर. एका इंचात पावणेतीनपट, त्यामुळं अर्धा इंच वाढवून सांगणाऱ्यापासून सावध राहायचं. शिवाय बोअर घेतल्या दिवशी कॉम्प्रेसर जे पाणी उडवतो ते भेगेत आधीपासून साठलेलं असतं. गाव जमतं, गुलाल उधळतात, पेढे वाटतात. बोअरचं खरं पाणी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मोटर सलग चार तास चालल्यावर कळतं.

आणखी एक गणित घरी करून बघा. तुमचा ६५० फुटांचा बोअर काठोकाठ भरला असता तरी त्यात किती पाणी मावलं असतं? फुटाला साडेसहा लिटर, म्हणजे सगळे मिळून सव्वाचार हजार लिटर. तीस फूट व्यासाच्या विहिरीत एवढं पाणी अडीच इंचांत बसतं. अशा विहिरीचं एक फूट पाणी म्हणजे २० हजार लिटर. बोअर ही नळी आहे, हौद नव्हे. रात्रभर पाझरलेलं पाणी साठवून सकाळी वापरायची सोय विहिरीत आहे, बोअरमध्ये नाही.

आता नारळ. पाणाड्यांची मी टिंगल करत नाही. त्यांतले कित्येक जण रान वाचण्यात माझ्यापेक्षा तरबेज होते. नाल्याचं वळण, उन्हाळ्यात हिरवा राहिलेला पट्टा, उंबराचं झाड, वारूळ हे सगळं त्यांच्या नजरेत आधीच बसलेलं असतं. ही परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय यावरच लिहिला. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा भूमीतही असतात, अशी त्याची कल्पना. जांभळाजवळच्या वारुळावरून पाणी किती खोल ते तो सांगतो. खोलीचं त्याचं माप 'पुरुष', म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आपले विहीर खोदणारे "सहा परस विहीर" म्हणायचे, तो परस हाच. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं ही समजूतही इकडं अजून आहे.

पण नारळाचं उभं राहणं हे हाताचं काम आहे, पाण्याचं नाही. मन जिथं "इथं असेल" म्हणतं तिथं बोटांचे स्नायू नकळत हलतात, इतके थोडे की खुद्द पाणाड्यालाही कळत नाही. एकदा एका पाणाड्यानंच हौसेनं डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं. एकाच रानातून त्याला तीनदा चालवलं. तीन वेळा नारळ उभा राहिला, तीन वेगळ्या जागी, पहिली आणि तिसरी जागा दीडशे फूट लांब. तो मनानं मोठा माणूस. हसला आणि म्हणाला, "साहेब, डोळे बांधले की नारळबी आंधळा होतो."

त्याच रानात मग मी चार लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडली. खडक विजेला किती अडवतो ते यंत्र मोजतं. ओला कुजका मांजऱ्या कमी अडवतो, काळा पाषाण कितीतरी पट जास्त. मी ठामपणे जागा दाखवली, बोअर १८० फूट गेला आणि कोरडा निघाला. कारण त्या जागी मुरमाखाली चिकण माती होती. मातीही विजेला सहज वाट देते, आणि यंत्राला माती अन् पाणी यांतला फरक कळत नाही. शेतकरी मला एक शब्दही बोलला नाही, चहा पाजून पाठवलं. ते फार लागलं. यंत्रामुळं अंदाज सुधारतो, एवढंच मी म्हणेन. खात्री देणारा माणूस दिसला की त्याच्या गाडीवर कुठल्या बोअर एजंटाचं नाव आहे ते बघा.

अजून खोल जायचं का, याचं उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाल्यावर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी भोक पाडलं होतं. काळ्या खडकाची ही चवड ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या आसपास संपली. मध्ये काही मीटर गाळाचा थर लागला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. असाच खडक नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं उघड्यावर दिसतो. म्हणजे तळाशी कुठला सागर भरून ठेवलेला नाही. खोलवर क्वचित भेग लागते, नाही असं नाही. पण ते पाणी वर्षानुवर्षं खडकाशी मुरलेलं असतं, काही ठिकाणी त्यात क्षार अन् फ्लोराइड जास्त असतं आणि एकदा उपसलं की लवकर भरून येत नाही.

खोल बोअरचा आणखी एक गुण आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. लख्ख ऊन असताना आरसा घेऊन तुमच्या कोरड्या बोअरपाशी जा. कवडसा सरळ आत सोडा. केसिंग पाईप वीस-तीस फुटांवर संपतो, त्याच्याखाली भिंत उघडी असते. पावसाळ्यानंतरचे दिवस असतील तर चाळीस-पन्नास फुटांवर भिंत चमकताना दिसेल, पाणी ओघळतंय. कान लावलात तर टपटप ऐकू येईल. ते तुमच्या मांजऱ्याचं पाणी. विहिरीत आलं असतं ते आता या भोकातून खाली जातंय आणि कुठल्यातरी कोरड्या भेगेत हरवतंय. रांजणाला आपणच तळाशी भोक पाडलं. गावात दोनशे-तीनशे बोअर झाले की विहिरी डिसेंबरातच का आटतात, याचं एक कारण हे, दुसरं अर्थातच उपसा. चुलतभावाचा बोअर आणि तुमची जुनी विहीर एकाच भेगेवर असतील तर त्याची मोटर सुरू झाली की तुमच्या विहिरीची पातळी हलेल. हे तपासायला सोपं आहे. विहिरीच्या भिंतीवर खडूची रेघ मारा आणि त्याची मोटर सहा तास चालू द्या. मात्र हे भांडणासाठी करू नका. भूगर्भातल्या भेगेला बांध माहीत नसतो, आणि सख्ख्या भावांत यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

जुन्या लोकांना ही जमीन कळली होती, असं मी नुसत्या जुन्याच्या कौतुकानं म्हणत नाही. बीडची खजाना विहीर बघून या. अहमदनगरच्या निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास सलाबतखानानं बांधवलेली. खोली मामुली, पण विहिरीला जमिनीखालून आडवे बोगदे जोडलेले. लांबवरचा वरच्या थरातला पाझर बोगद्यांनी विहिरीत आणायचा आणि उताराच्या बोगद्यानं शेतांकडं सोडायचा. मोट नको, उपसा नको. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या खडकीत, नहर आणली तीही अशीच: डोंगरपायथ्याचा पाझर गोळा करून उतारानं गावात. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या, वालूरच्या बारवा पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जातात. ही सगळी मंडळी आडवी गेली. आपण उभे गेलो.

उभं जाणं सुरू झालं तेही गरजेपोटीच. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, झटपट भोक पाडणारी यंत्रं आली आणि गावोगाव हातपंप बसले. हातपंपाच्या गोष्टीत आपल्या जालन्याचा मोठा वाटा, हे अभिमानानं सांगतो. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी सारखा मोडणारा ओतीव लोखंडाचा पंप बाजूला सारून मजबूत पंप बनवला. तो जालना पंप, त्यानंतरचा सोलापूर पंप, आणि त्यावरून देशभर गेलेला इंडिया मार्क टू. हातपंप दिवसभर हापसला तरी भेगेला झेपायचा. नंतर त्याच भोकात पाणबुडी मोटर गेली आणि हिशोब बिघडला.

हिशोब म्हणजे किती, बघा. मराठवाड्याचा पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटर. आपल्या खडकात त्यातला जेमतेम दहावा हिस्सा मुरतो. एकराला पावणेतीन लाख लिटर झाले. तुमच्या साडेचार एकरांत साधारण बारा लाख. ज्वारी, हरभरा, तूर, थोडा भाजीपाला, जनावरं यांना तेवढं जपून पुरतं. पण मोकळं पाणी दिलेल्या एक एकर उसाला पाऊस वजा जाता साठ लाख लिटर लागतं असं धरा. एका एकराच्या उसाला बावीस एकरांचं मुरलेलं पाणी. बाकीचे एकवीस एकर कुणाचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. फोटो सगळीकडं छापून आले. एका एकर उसाच्या हिशोबात तशा बारा गाड्या बसतात.

कायदाही आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेऊ नये असं आहे. आकडा योग्यच आहे, खडक बघूनच ठरवलेला. रात्री दोन वाजता धडधडत येणाऱ्या बोअरच्या गाडीला तो वाचून कोण दाखवणार, हे मला विचारू नका.

तर तुम्ही काय करायचं? चौथा बोअर घेऊ नका. जुनी विहीर आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ती बुजवली नसेल तर आधी गाळ काढा. मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्यावर ओली रेघ दिसते का ते बघा, दिसली तर त्या उंचीवर दोन-तीन आडवे बोअर मारून घ्या, नाल्याच्या बाजूला आधी. खर्च खोल बोअरच्या मानानं बराच कमी. पावसाळ्यात रानातलं वाहतं पाणी दगड-गोटे, खडी, वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडा, गढूळ थेट सोडू नका. नाला खोल करायला गावात मशीन आलं तर मांजऱ्या उघडा पडला की थांबवा. पाषाण फोडून केलेल्या डोहात पाणी छान दिसतं, मुरत मात्र नाही.

आणि तिसरा बोअर चालू असताना दर वीस फुटांच्या भुकटीच्या ढिगल्या रानात ओळीनं टाकल्या असतील, पावसानं गेल्या नसतील, तर त्यांचा फोटो पाठवा. करडी काळी, तांबूस पांढऱ्या ठिपक्यांची, लाल, यावरून कुठं काय लागलं ते मी सांगू शकेन. ते तीन बोअर मात्र आजच्या आज बंद करा. तोंडावर पोतं अन् दगड नको, लोखंडी झाकण वेल्डिंग करून घ्या. शेळ्यांमागं पोरं त्याच बांधावरून पळतात.